चतकोर भाकरी

आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना खुर्च्या होत्या, फक्त कांबळे सरांना बाकडं होतं. दोन खुर्च्या लागोपाठ मोडल्यावर हेडमास्तरांनी सातवीच्या वर्गातलं एक भक्कम बाकडं आणून भिंतीला लावलं. दुसरा कुणी असता तर चार दिवस तोंड फुगवून बसला असता. सर त्यावर बसले, हातानं थोपटलं आणि म्हणाले, "हे ब्येस झालं. आता बसताना कुणाला भ्यायचं काम न्हाय."

आनंदा कांबळे, आमचे पी.टी.चे सर. मूळ गाव गडमुडशिंगी, राहायला शिवाजी पेठेत, माझ्या घरासमोरच्या इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर. जवानीत ते पैलवान होते. आसपासच्या गावांच्या मैदानांत नाव होतं म्हणे. मग गुडघा गेला, कुस्ती सुटली, नोकरी लागली. खुराक मात्र सुटला नाही. आमच्या कोल्हापुरात असे जुने पैलवान गल्लोगल्ली सापडतात. मेहनत कधीच बंद झालेली असते, पण दूध, तूप, मटण, बदाम सगळं पूर्वीसारखं चालू, आणि छातीवरचं सगळं हळूहळू पोटावर उतरलेलं. वजनात सर शंभरीच्या पुष्कळ पुढं गेले होते. पोरांना पळायला लावून स्वतः लिंबाखाली बसायचे. लांबचा एखादा चुकला तर उठायचे नाहीत, शिट्टीच जोरात वाजवायचे.

मधल्या सुट्टीत डबे उघडले की बाकड्यावरून आवाज यायचा, "बाई, काय आणलंय आज?" मी मराठी शिकवायची, आणि माझ्या डब्यातल्या थालीपिठांवर माझ्यापेक्षा त्यांचाच हक्क जास्त होता. सगळ्यांचे डबे पुसून झाले की ते समाधानानं म्हणायचे, "अन्न टाकू ने. टाकायचं तर हितं टाका," आणि पोटावर हात मारायचे. आम्ही हसायचो. मी मनातल्या मनात थोडी करवादायचीही, कारण शेवटचं थालीपीठ कुणाला नको असतं?

या माणसाला गप्प करणारी अख्ख्या पेठेत एकच व्यक्ती होती, ती म्हणजे त्यांची बायको, सुशीला वहिनी. अंगानं काडी, जीभ मात्र लवंगी मिरची. घरी शिवणयंत्रावर बायकांची पोलकी शिवायची. मूलबाळ नव्हतं. माझी मापं घेता घेता तिची माझी मैत्री झाली. सर दारात आले की ती यंत्र न थांबवता ओरडायची, "वाकून या, चौकट निघंल!" आणि ते एवढे धिप्पाड गृहस्थ खरोखरच वाकून आत यायचे.

त्या वर्षी शाळा उघडली आणि वहिनींच्या पायांवर सूज दिसायला लागली. मग तोंडावर. आधी आम्हाला वाटलं, पावसाळी हवा आहे. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की दोन्ही किडन्या निकामी होत आल्यात. महिना-दोन महिन्यांत डायलिसिस सुरू झालं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. इमारतीचा जिना म्हणजे अरुंद, उभा, मधे एक वळण. डायलिसिसहून आली की वहिनींना एक पायरी चढवायची नाही. तेव्हा सर तिला उचलून न्यायचे-आणायचे. पहिल्या दिवशी लाजेनं तिनं पदर तोंडावर घेतला होता. पुढं सवय झाली. मला म्हणाली, "बाई, राणीला सुदिक असली अंबारी मिळाली नसंल."

उचललं की ती उजवा हात सरांच्या छातीवर ठेवायची. मला वाटायचं, धरायला ठेवते. तसं नव्हतं, हे नंतर कळलं.

डॉक्टरांनी किडनी बदलायचं काढलं. देणार कोण? वहिनींचे आईवडील गेलेले, भाऊ नाही, एकुलती बहीण स्वतःच साखरेची रोगी. सर म्हणाले, "माझी घ्या की." त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं त्यांच्या आवाजावरून वाटलंच नाही.

मी स्पष्टच सांगते. आजूबाजूला मी तोवर जेवढी अशी प्रकरणं ऐकली होती, त्यांत देणारी बाईच होती. आई मुलाला देते, बायको नवऱ्याला देते. नवऱ्यानं बायकोला दिली हे ऐकलं की लोक पुन्हा विचारायचे, "कुणी कुणाला?"

रक्तगट जुळला. बाकी मात्र काही जुळेना. रक्तदाब वर, साखर उंबरठ्यावर, पोटात चरबीच चरबी. डॉक्टरांनी साफ सांगितलं, "एवढ्या चरबीतून ऑपरेशन होणार नाही. वजन उतरवा, साखर जागेवर आणा, मग बघू. आणि उपाशी राहून खंगून येऊ नका. अशक्त माणसाची किडनी काढत नाहीत." तोपर्यंत वहिनींनी डायलिसिसवर तग धरायचा. किती दिवस धरता येईल हे कुणीच सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

त्या रात्री वहिनींनी स्वतःची अट घातली. मी तिथंच होते. म्हणाली, "चरबी उतरवा, न्हाय म्हणत न्हाय. पर माझ्यापायी तुमी मढं होऊन बसलासा, तर मी किडनी घेणार न्हाय. मला उचलून ह्यो जिना चढताना ज्या दिवशी तुमी दमलासा, त्या दिवशी सगळं बंद. माझा हात छातीवर असतोय, ध्येनात ठेवा. मला कळतंय."

सर हसले. म्हणाले, "सुशे, वजन उतरवायचं मला शिकवतीस व्हय?"

आणि तिथंच चुकले. कारण वजन उतरवायची त्यांना ठाऊक असलेली रीत तालमीतली होती. कुस्ती ठरली आणि वजन गटात बसेना की पोरं भाकरी तोडतात, पाणी तोडतात, भर उन्हात स्वेटर घालून घाम काढतात. काट्यावर उतरलं वजन की झालं. सरांनी तेच धरलं. भाकरी बंद, भात बंद, पाणी घोटभर. खायचं फक्त मटण, अंडी आणि दूध. शाळा सुटल्यावर अंगात दोन स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या. वजन भराभर उतरलं आणि त्यांना वाटलं, मैदान मारलं. बाकड्यावर बसून आम्हाला सांगायचे, "बगा की, गालफाडं बसली!"

गालफाडं बसली होती, पण माणूसही बसत चालला होता. डोळे खोल गेले. चिडचिड वाढली. एका सकाळी प्रार्थनेला सरांनी "विश्राम" म्हटलं आणि पुढचं "सावधान" त्यांना आठवेचना. शाळाभर पोरं पाय फाकवून उभी, आणि सर समोर शून्यात बघत. पोरांत खसखस सुरू झाली तशी मी मागून "सावधान!" ओरडले. सर दचकून स्वतःच सावधान झाले. सगळे हसले. मला हसू आलं नाही.

त्याच शुक्रवारी ते घडलं. डायलिसिसहून आल्यावर सर वहिनींना घेऊन जिना चढत होते, मी मागून पिशवी घेऊन. वळणावर पोचले आणि त्यांचे पाय लटपटायला लागले. दंडांपर्यंत थरथर दिसत होती. त्यांनी वहिनींना पायरीवर अलगद ठेवलं आणि भिंतीला टेकून उभे राहिले. कपाळावर गार घाम. वहिनींचा हात अजून त्यांच्या छातीवरच होता.

"दमलासा," ती म्हणाली.

"न्हाय."

"काळीज धडधडतंय. मला काय येडी समजतासा?"

सरांनी मान खाली घातली. शंभर किलोच्या गड्याला चितपट करणारा माणूस काडीसारख्या बायकोसमोर तसा उभा राहिलेला मी पाहिला आणि मला भडभडून आलं. वहिनी म्हणाली, "डाक्टरला सांगा, मला किडनी नको." राहिलेल्या पायऱ्या ती बसत बसत, हातांवर रेटत एकटी चढली. सरांना तिनं हात लावू दिला नाही.

तीन दिवस त्या घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मंगळवारी मी मुद्दाम रजा टाकून बरोबर गेले. सर डॉक्टरांसमोर बसले आणि सगळं खरं सांगून टाकलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथं आहार सांगणारी एक मुलगी बसायची. देसाई मॅडम म्हणायचं, पण वय असेल पंचविशीच्या आतबाहेर. दोन वेण्या घातल्या असत्या तर आमच्या दहावीत खपली असती.

"भाकरी बंद केली?" तिनं विचारलं.

"केली."

"पाणी कमी केलं?"

"वजन उतरतंय की!"

"किडनी द्यायची आहे ना तुम्हाला? मग तिलाच पाणी तोडलंत?"

मग ती न रागावता बोलायला लागली. म्हणाली, तालमीत उतरवता ते पाणी असतं, ते दोन दिवसांत परत चढतं. चरबी तशीच बसून राहते. चरबी जायची तर रोज अंग हलायला पाहिजे, आणि अंग हलायला ताकद पाहिजे, ती भाकरीतनं मिळते. भाकरी सगळीच तोडलीत म्हणून पाय लटपटले. आणि नुसतं मटण-अंडी खाऊन किडनीवर आणखी भार टाकलात.

"मग खाऊ किती?"

"आधी सांगा, दिवसात कष्टाचं काम कधी कधी असतं?"

सरांनी विचार केला. "सकाळी मैदान. आन् मंगळवारी, शुक्रवारी सुशी."

त्या मुलीनं ते कागदावर लिहून घेतलं आणि म्हणाली, "तर सकाळी मैदानावर जायच्या आधी चतकोर भाकरी. पळू नका, गुडघा आहे, झपाझप चाला. दुपारी एक भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक. रात्री भात नको, भाजी आणि चतकोरच. साखर, गूळ, तळलेलं बंद. मटण रविवारी, तेही बेतानं. पाणी पोटभर. आणि मंगळवार-शुक्रवारी वहिनींना उचलायच्या आधी एक चतकोर जास्त."

सर उठले आणि त्या पोरीला हात जोडून म्हणाले, "व्हय, वस्ताद." ती लाजून लाल झाली. त्या दिवसापासून त्या दवाखान्यात तिला सगळे वस्तादच म्हणायला लागले, वॉर्डबॉयसुद्धा.

मला वाटलं होतं, चार दिवसांचं नवं. मी या माणसाचं खाणं पाहिलेलं होतं. पण वस्तादाचा शब्द म्हणजे शब्द, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खिशात रुमालात बांधलेला चतकोर दिसायला लागला. मधल्या सुट्टीत एक भाकरी पुढ्यात घेऊन ते इतकं सावकाश खायचे की आमचे डबे होऊन हात धुऊन झाले तरी त्यांचं चालूच. कुणीतरी चिडवलं, "पैलवान, घासाला नमस्कार घालताय काय?" सर म्हणाले, "व्हय. आजवर ह्याची ओळखच झाली न्हवती. नुसतं गिळत हुतो." माझी थालीपिठं आता उरायला लागली. मला ती गोड लागेनात.

पहिले काही आठवडे काटा जागचा हलेना. सर अस्वस्थ झाले. चतकोरसुद्धा सोडतो म्हणाले. वहिनींनी अंथरुणावरनं दम दिला, "सोडून तर बगा!" मग हळूहळू उतरायला लागलं. आणि गंमत अशी की वजन उतरत होतं तशी ताकद वाढत होती. लिंबाखालची जागा रिकामी पडली. पोरं म्हणायची, आता शिट्टीच्या आधी सरच येऊन पोचतात.

सगळ्यात अवघड होतं ते कोल्हापूर. इथं माणसाला उपाशी मारता येत नाही, पण आग्रह करून मारता येतं. लग्न, वास्तुशांत, बारसं, कुठंही जा, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या पुढ्यात आदळतात आणि नको म्हटलं तर यजमान रुसतो. सरांनी यावर जी युक्ती काढली तिला मी आजही सलाम करते. जेवणावळीला गेले की बाह्या सारून सरळ रश्श्याची बादली उचलायचे. "मी वाढतो!" वाढणाऱ्याला कोण आग्रह करणार? पंगतीमागून पंगत ते वाकून वाढत फिरायचे आणि आग्रह असा करायचे की माणूस हात जोडून शरण येई. शेवटी कोपऱ्यात उभं राहून रुमालातला चतकोर वाटीभर आमटीशी खायचे आणि पाणी प्यायचे. त्या वर्षी पेठेत त्यांच्यासारखा वाढपी कुणाला मिळाला नसेल.

थंडीत एका सुट्टीच्या दिवशी त्यांच्या भावानं आम्हा सगळ्या शिक्षकांना मुडशिंगीला गुऱ्हाळावर बोलावलं. काहिलीत रस उकळत होता, सगळीकडं तो गोड वास. भावानं ताज्या, गरम गुळाचा गोळा सरांच्या हातावर ठेवला. सरांनी तो नुसता हुंगला.

"खा की! भावाचा गूळ बी वर्ज्य झाला व्हय?"

तोवर गावच्या घरी त्यांनी किडनीचं काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. काहिलीशी उभा असलेला भाऊ वळला. आम्ही परके तिथं आहोत याचं त्याला भानच राहिलं नाही. म्हणाला, "आण्णा, डोकं फिरलंय का तुझं? गडी माणसानं बायकूला किडनी द्यायची? तुला काय झालं तर? बायकू दुसरी मिळंल!"

मला वाटलं, आता हाणामारी होते. सरांनी तो गुळाचा गोळा भावाच्या हातावर परत ठेवला आणि म्हणाले, "ह्यो ठिवून दे. सुशी आपल्या पायानं चालत हितं आली की तिला घाल. मी बगत बसीन." एवढंच. परतताना गाडीत सरांनी खिशातनं रुमाल काढून चतकोर खाल्ला, कारण त्या दिवशी शुक्रवार होता आणि पुढं जिना होता.

वहिनी त्या काळात झिजत चालली होती. शिवणयंत्रावर कापड टाकलेलं असायचं. एकदा मला म्हणाली, "बाई, ह्यांचं वजन उतरंस्तोवर मी टिकतीय का न्हाय, शर्यतच हाय ही." तिच्या डोळ्यांत मी भीती पाहिली ती तेवढी एकदाच. पण दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिचा हात सरांच्या छातीवर असायचा, आणि ती आपल्याशीच मान हलवायची.

उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या सुमारास डॉक्टर म्हणाले, "आता हरकत नाही." ऑपरेशन पुण्याला होतं. निघायच्या सकाळी गल्ली दारात उभी होती. खाली जीप लागलेली. स्टिअरिंगवर कोण होता सांगा? मुडशिंगीचा भाऊ. कुणाशी बोलत नव्हता, नाक तेवढं लाल झालेलं. वर सरांनी बुद्धमूर्तीपुढं हात जोडले, चतकोर खाल्ला, पाणी प्यायले आणि वहिनींना उचललं. त्यांचा जुना शर्ट अंगावर झुलत होता. वळण आलं. ते थांबलेसुद्धा नाहीत. खाली आल्यावर वहिनींनी छातीवरचा हात तसाच ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "न्हाय दमले." गल्लीतल्या बायका रडायला लागल्या. मीही त्यांतच.

किडनी बसली. वहिनी परत शिवणयंत्रावर बसली. पुढच्या गुऱ्हाळाच्या मोसमात मुडशिंगीला चालत गेली की नाही ते मी पाहिलं नाही, पण शाळेत सर सांगायचे, "भावानं गूळ घातला, पर हिनं नावं ठेवली. पाक कच्चा म्हणाली." बाकडं स्टाफरूममध्ये तसंच राहिलं. खुर्ची घ्या म्हटलं तरी सर सोडेनात. चतकोराचा रुमालही सुटला नाही.

मग मी निवृत्त झाले, मुलाकडं राहायला गेले, पेठेशी गाठ कमी पडली. सरही निवृत्त झाल्याचं कळलं. काही वर्षांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला म्हणून मी त्या इमारतीत गेले. जिन्यात अंधारलेलं होतं. वर कुणाची तरी पावलं वाजत होती, म्हणून मी खालच्या पायरीवर थांबले.

सर आणि वहिनी. सर वाळले होते, केस पांढरे, आणि आता दुसरा गुडघाही गेलेला दिसत होता. एक हात भिंतीला, एक हात वहिनींच्या खांद्यावर. वहिनींच्या हातात भाजीची पिशवी. वळणावर आल्यावर तिनं त्यांना थांबवलं, पायरीवर बसवलं आणि त्यांच्या छातीवर हात ठेवला.

"दमलासा."

"न्हाय."

"खोटं बोलू नका. मला कळतंय."

तिनं पिशवीतनं रुमाल काढला, गाठ सोडली आणि चतकोर त्यांच्या हातावर ठेवला. "खावा आधी. मग चढू."

सर मुकाट्यानं खायला लागले, अगदी सावकाश, पूर्वी बाकड्यावर खायचे तसे. ती शेजारी बसून राहिली, हात छातीवर तसाच. मी पत्रिका हातात धरून खालीच उभी राहिले. त्यांचं खाऊन होईपर्यंत हाक मारायचं माझं धाडस झालं नाही.